तंबाखू खाता का?

पिंपरी,
२८ नोव्हेंबर १९७८

ती. सुमनआत्यास, चारुलताचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या गावाहून परत आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "अगं, आमच्या थोरल्या चुलत्यांची सुमन ती! मला कडेवर घेऊन ओढ्याला न्यायची." म्हणजे तुम्ही सख्ख्या नसलात तरी माझ्या आत्याच. मी आपली दातांवरचं कीट खरवडून न्यायला आलेली औषध-कंपनीची बाई, आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून विचारता काय, "कुणाची गं तू? नाक ओळखीचं वाटतंय." या नाकाचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.

आता कामाचं. तुमच्या बेचाळीस जणींच्या दातांवरचं कीट मी काचेच्या बशांमध्ये वाढवलंय. त्यातले जंतूच दात किडवतात आणि हिरड्या सुजवतात. या बशीत औषधात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची. औषध लागू पडलं तर चकतीभोवती जंतू मरून मोकळं कडं दिसतं, ते पट्टीने मोजायचं. तुम्ही सांगितलेला काढा मी जसाच्या तसा केला: बाभळीची साल, कडुनिंबाची साल आणि अक्कलकाऱ्याची मुळी. रहाटणीच्या बांधावरची बाभूळ वापरली तर कडं अकरा मिलिमीटर. तुम्ही पदरातून दिलेल्या सालीचं सोळा! साहेब दोनदा येऊन बघून गेले. तेव्हा आत्या, तुमच्याच झाडाची साल पाठवा.

फॉर्मसुद्धा छान भरले गेलेत. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला बेचाळीसच्या बेचाळीस जणींचं उत्तर 'नाही'. आमचे दाताचे डॉक्टर गुरुदत्त तर म्हणाले, हे गाव आहे की आश्रम? ते सकाळी तासभरच थांबले होते, नाहीतर तुमचा चहा चुकला नसता त्यांचा. तुमच्या स्वयंपाकघरात मला एवढा ठसका का लागला होता हो? अजून घसा खवखवतोय.

तुमची,
चारू


माळेवाडी, चाकणमार्गे
१० डिसेंबर ७८

चि. चारूस आत्याचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. जयसिंगनं वाचून दाखवतो म्हटलं, मी म्हटलं आण इकडं, मी सातवी पास हाय, तू दोनदा नापास झालेला. माझं लेकरू गुणाचं हाय, भोसरीच्या कंपनीत शिफ्ट करतंय, पण वाचताना अडखळतंय.

साल धाडली हाय. उगवतीकडची हाय, सावलीत वाळवलेली. उन्हात घातलीस तर कडू वास मारंल, मग मला बोल लावू नको. तुझ्या त्या मिलिमीटरचं मला काय कळत न्हाई, पण सोळा म्हंजे अकरापरीस जास्त, एवढं कळलं. घरात सगळ्यांना सांगून झालं. सून छबू म्हणती, आत्याबाई आता पेपरात येणार.

ठसक्याचं म्हणशील तर मिरची भाजत व्हते. दुसरं काय असणार?

एक इचारायचं हाय. माझं तोंड आलंय. डाव्या अंगाला, गालाच्या आतून. उष्णतेनं येतं तसं. जाईचा पाला चघळला, तूप लावलं, ताक पिऊन पिऊन पोटाचा डेरा झाला, पण दीड म्हैना हटत न्हाई. तिखट लागलं की जीव जातो. तुज्याकडं एवढी औषधं, त्यातलं एखादं धाड की आत्यासाठी. आणि लग्नाचं काय ते मनावर घे. जंतू काय पळून जात न्हाईत.

तुझी आत्या


पिंपरी,
२१ डिसेंबर १९७८

ती. आत्यास नमस्कार.

साल मिळाली. जंतूंचं माहीत नाही, पण तुमच्या पत्राने प्रयोगशाळेतल्या चौघी हसून हसून मेल्या.

सोबत जयसिंगदादांच्या हाती एक बाटली देतेय. तुमचाच काढा आहे, फक्त आटवून दाट केलाय आणि अक्कलकारा दुप्पट घातलाय. चमचाभर घेऊन पाण्यात मिसळायचा, सकाळ-संध्याकाळ चूळ भरायची आणि थुंकून टाकायचा, गिळायचा नाही. तोंड आलंय म्हणजे पोटातली उष्णता आणि वर दातांच्या जंतूंचा जाच. जंतू हटले की आपोआप भरून येईल. हे कागदोपत्री नाही हं, घरगुतीच समजा. तरी कसं वाटतंय ते तारखेनिशी लिहून कळवा, मला उपयोग होईल.

लग्नाबद्दल बाबांशी संगनमत झालेलं दिसतंय तुमचं.

चारू


माळेवाडी
२५ जानेवारी ७९

चि. चारूस आशीर्वाद.

अगं बाई, जादू! बाटली आल्या दिवशी चूळ भरली आणि मुंग्या आल्यागत झालं, जीभ माझी का दुसऱ्याची कळंना. घटकाभरानं बघते तर ठणका पार बंद! दोन म्हैन्यांनी मी ठेचा खाल्ला चारू. ठेचा! छबूनं भाकरी थापायची थांबवून बघितलं माझ्याकडं.

तारखा तू म्हणतीस तशा लिवल्यात. २३ डिसेंबर, दुखणं बंद. २८, रक्त कमी. ८ जानेवारी, चमचा इसरले तर परत ठणकलं, घेतलं की थांबलं. गावात बाया याला चारूचं पाणी म्हणायला लागल्यात. दोघी-तिघी बाटलीकडं डोळा ठिवून हायत, पण मी देत न्हाई. आधी माझं तोंड.

बाटली संपत आली. अजून दोन धाड.

तुझ्या वडलांस्नी सांग, त्यांची लेक लाखात एक हाय.

आत्या


पिंपरी,
१२ मार्च १९७९

ती. आत्यास,

दोन नव्हे, तीन बाटल्या पाठवतेय.

आनंदाची बातमी. आपल्या काढ्यावर मी निबंध लिहिलाय. तो मे महिन्यात पुण्याच्या सभेत वाचायचाय, डॉक्टर लोकांपुढे! काढ्याने बशांमध्ये कीट धरणं निम्म्याने कमी झालंय. आणि शेवटी एक परिच्छेद तुमच्यावर आहे. नाव नाही, घाबरू नका: 'एका अठ्ठावन्न वर्षांच्या, तंबाखूचे व्यसन नसलेल्या स्त्रीच्या तोंडातील जुन्या व्रणाच्या वेदना पहिल्याच दिवशी थांबल्या.' साहेबांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारून 'उत्तम' लिहिलं. सतरा वर्षं शिकले आणि दोन वर्षं बशा धुतल्या, तेव्हा कुठे हा एक शब्द मिळाला. मी संडासात जाऊन रडले. तुम्हालाच सांगतेय.

जखम भरली ना पूर्ण? निबंधात 'व्रण बरा झाला' असं लिहायचंय, तेवढं कळवा.

चारू


माळेवाडी
१६ ऑगस्ट ७९

चि. चारूस,

पत्राला लई उशीर झाला, रागावू नको. सभा झाली का? टाळ्या पडल्या का?

तू इचारलं व्हतंस, जखम भरली का. खरं सांगू का, हाय अजून. थोडी वाढली बी असंल, कडा टणक लागत्यात बोटाला. पण दुखत न्हाई! दुखत न्हाई तर जखम काय करती माझं? पडून राहील बापडी. तुझ्या निबंधात भरली म्हणूनच लिव, उगा तुझं नुकसान नको.

दुसरं काय न्हाई, तोंड जरा आखडल्यागत झालंय. आ केला तर दोन बोटं मावत्यात. भाकरी दुधात कुस्करून खाते, म्हातारपण आलं म्हणायचं. आणि गळ्याला कानाखाली एक गाठ आलीया, सुपारीएवढी. छबू म्हणती अक्कलदाढ येत असंल. मी म्हटलं, ह्या वयात अक्कल येऊन काय उपयोग!

पाणी संपलंय. दोन बाटल्या धाड. आता चार-चार चमचे घ्यावं लागतंय.

आत्या


पिंपरी,
५ नोव्हेंबर १९७९

आत्या,

तुमचं पत्र मला आज मिळालं. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत मी ट्रेनिंगला बडोद्याला होते आणि माझ्या टपालाचा गठ्ठा टेबलाच्या खणात तसाच पडून होता. मी ते डॉ. गुरुदत्तांना वाचून दाखवलं. अक्कलदाढेच्या विनोदाला ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. पत्र हातात घेऊन त्यांनी पुन्हा वाचलं आणि मला एकच विचारलं. तेच मी तुम्हाला विचारतेय. खरं सांगा, माझ्या कामाचं काय होईल याचा विचार करू नका.

तुम्ही मशेरी लावता का?

उत्तर जयसिंगदादांच्या हाती लगेच पाठवा. आणि त्या पाण्याचा एक थेंबही आता तोंडात घालू नका.

चारू


माळेवाडी
७ नोव्हेंबर ७९

चि. चारू,

व्हय. लावते.

बारा वर्साची असल्यापासनं लावते. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, रानात जाताना आणि निजायच्या आधी एकदा. मशेरी लावल्याबिगर मला परसाकडं व्हत न्हाई, खोटं कशाला बोलू. डाव्या गालात धरून ठेवायची सवय हाय. त्या दिवशी तुला ठसका लागला ती मिरची न्हवती. तवा चुलीवर व्हता आणि तंबाखू भाजायचं काम चाललं व्हतं. तू शिकलेली पोर, माझ्याच भावाची. तुला नाक मुरडताना बघायचं न्हवतं, म्हणून मिरची म्हटलं.

पण फारमावर मी खोटं न्हाई बोलले गं. तू इचारलंस, 'तंबाखू खाता का?' आता तूच सांग, बाईमाणूस तंबाखू खातं व्हय? तंबाखू बाप्ये खात्यात, चुना मळून, पिचकाऱ्या मारत. आमी खात न्हाई, आमी मशेरी लावतो, दात घासतो. बेचाळीस बायांतली एक बी खोटं बोलली न्हाई. तू जर इचारलं असतंस की मशेरी लावता का, तर बेचाळीस हात वर झालं असतं आणि वर सगळ्या हसल्या असत्या, ही काय इचारायची गोष्ट म्हणून.

काय झालंय मला? खरं काय ते लिव.

आत्या


पिंपरी,
२० फेब्रुवारी १९८०

ती. आत्यास,

मुंबईच्या कॅन्सरच्या दवाखान्यातून तुम्ही घरी पोचलात, हे जयसिंगदादांनी फोन करून कळवलं. दवाखान्यात मी तीनदा आले, पण तुमच्या उशाशी बसून जे बोलायला हवं होतं ते जमलं नाही. अर्धा जबडा आणि जिभेचा तुकडा काढलेल्या माणसापुढे मी काय तोंड उघडायचं?

तुम्ही मला माफ करून टाकलंय हे ठाऊक आहे मला. पाटीवर लिहिलंतच, 'रडू नको, नाक लाल होतं'. पण मला सांगायचंच आहे, म्हणून लिहितेय.

अक्कलकारा जखम बरी करत नाही, आत्या. तो जीभ बधिर करतो, बस. बाटली मिळाल्यावरच्या पहिल्याच पत्रात तुम्ही लिहिलंत, जीभ माझी का दुसऱ्याची कळेना. मी ते वाचलं आणि हसले. मला जंतू मारायचे होते, ते मेलेही. दुखणं थांबलं म्हणजे दुखण्याचं कारण गेलं, असं मीच ठरवून टाकलं. कारण आत वाढत होतं आणि मी त्याला निजवायला बाटल्या पाठवत होते. तुम्हाला ठणका लागला असता तर तुम्ही घरच्यांशी भांडून का होईना, चार महिन्यांत डॉक्टर गाठला असता. मोठे डॉक्टर म्हणाले, गाठ येण्याआधी आली असती तर गाल वाचला असता आणि बाईही. 'बाईही' हा शब्द तुमच्यापासून लपवायचा असं जयसिंगदादांनी बजावलं होतं. मी आता तुमच्यापासून काही लपवणार नाही.

तुमच्यावरचा परिच्छेद मी खोडून काढलाय. निबंध सभेत मे महिन्यातच वाचला होता, टाळ्याही पडल्या होत्या. आता छापायला गेलेला परत मागवला. साहेब संतापले. मी त्यांना फॉर्म दाखवला आणि विचारलं, "साहेब, तुमच्या आई मशेरी लावतात का?" फॉर्म परत माझ्या हातात देत ते म्हणाले, "लावायची."

मला शिव्या द्या. आशीर्वाद नकोत.

चारू


माळेवाडी
२९ जुलै १९८०

चि. चारूस आत्याचे आशीर्वाद. तू नको म्हटलंस तरी.

आता मला बोलता येत न्हाई. पातळ पेज नळीनं जाती. गळ्याच्या दुसऱ्या अंगाला बी गाठ आलीया. मी जयसिंगला इचारलं न्हाई आणि त्यानं सांगितलं न्हाई. दोघांस्नी बी ठावं हाय. म्हणून पत्र लांबवत न्हाई, कामाचं लिवते.

शिव्या द्या म्हणतीस. राग आला व्हता, चारू. मुंबईला भूल उतरली आणि जीभ हलंना, तवा लई राग आला. आठ दिस तुझं नाव घ्यायचं न्हाई असं मनाशी म्हणत व्हते, आणि घ्यायला जीभ कुठं व्हती? मग वाटलं, मिरची मी सांगितली व्हती. भरली म्हणून लिव, हे बी मीच सांगितलं. आपण दोघी एकमेकीला खूश करत बसलो गं. मेलं तिथंच चुकलं.

तर काम असं. जयसिंगची बॅटरी घेतली, गळ्यात पाटी अडकवली आणि बेचाळीस घरं फिरले. पाटीवर लिवलं, 'आ कर'. वाचता येत न्हाई त्यांस्नी माझ्या तोंडाकडं बघून कळलंच. काही जणी घाबरून आत पळाल्या. म्हातारी पार्वता तर म्हणाली, सुमे, तू माझ्या दारात असं भेसूर तोंड घेऊन येऊ नको. मी तिथंच बसले, ती आ करीस्तोवर.

तिघींच्या गालात पांढरा चट्टा हाय, माझा पहिल्यांदा व्हता तसा. तिघी बी म्हणत्यात, तोंड आलंय, उष्णतेनं. नावं लिवते. एक पार्वता. एक धोंडाबाई, सुताराची. आणि तिसरी आमची छबू.

छबू लग्न होऊन आली तवा सतरा वर्साची व्हती. पोटात कळ आली म्हणून रडत व्हती. मी माझ्या डबीतली चिमूट तिच्या तळहातावर ठिवली, म्हटलं लाव, बरं वाटंल. कुणी लावली तिला ही सवय, तर मी. तुला तुझ्या बाटलीचं वाटतं ना, तसं मला त्या चिमटीचं वाटतं. झोप लागत न्हाई मला.

या तिघींस्नी गाडी धाडून ने. औषध देऊ नको, आधी तोंड बघ. त्या कबूल झाल्यात. देवळात नेऊन तिघींकडनं देवावर हात ठिवून शपथ घेतलीया, मी असू नसू, गाडी आली की बसायचं.

आता माझ्यासाठी एक. ते पाणी धाड. मला आता बरं व्हायचं न्हाई, तर नुसतं न दुखायला काय हरकत हाय? ठणका लई हाय चारू. धाडशील का?

आत्या


पिंपरी,
६ ऑगस्ट १९८०

ती. आत्यास,

बाटली पाठवतेय. करताना हात चालत नव्हता, पण केली. डॉ. गुरुदत्तांनी गुंगीच्या गोळ्याही दिल्यात, जयसिंगदादांना समजावून सांगितलंय. गिळता येत नाही म्हणून कुटून नळीतून द्यायच्या.

जीप ठरली. पुढच्या गुरुवारी, १४ तारखेला, सकाळी नऊला तुमच्या दारात येईल. मी बरोबर असेन. डॉक्टर इथे थांबून तिघींना लगेच तपासतील, गरज पडली तर त्याच दिवशी पुढे पाठवतील. छबूवहिनींना सांगा, चट्टा पांढरा आहे आणि टणक नाही तोवर पुष्कळ आशा असते. हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही. तुम्हाला खूश करण्यासाठी आता एक अक्षर लिहिणार नाही.

फॉर्म नवा छापला. पहिलाच प्रश्न तुमच्या शब्दांत आहे. इतर चार गावांत विचारून झाला. एकशे नव्वद बायकांपैकी एकशे एकाहत्तर हात वर झाले, आणि तुम्ही म्हणाला होतात तशा सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

गुरुवारी येते. तुमच्याजवळ बसते. तुम्ही पाटीवर लिहा, मी वाचेन.

तुमची,
चारू


माळेवाडी
बुधवार, १३ ऑगस्ट १९८०

चारूताईंस जयसिंगचा नमस्कार.

हे पत्र सकाळच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतोय. पिंपरीला उतरून तो तुमच्या गेटवर पोच करंल.

आई काल संध्याकाळी गेली. तुमची बाटली मिळाली व्हती. शेवटचे चार दिवस तिचे निवांत गेले, ते तुमच्यामुळं. अग्नी राती दिला. तुमच्या वडिलांना तुम्हीच सांगा, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.

घरात मयत झालं म्हणून तुम्ही उद्याची जीप थांबवाल, त्या धास्तीनं लिहितोय. थांबवू नका. पार्वता आजी आणि धोंडाबाई कालपासनं आमच्याच ओसरीवर हायत. घरी गेलो तर परत पाय निघायचा न्हाई, म्हणत्यात. छबूनं मशेरीची डबी काल आईच्या चितेवर टाकली. सुतकात बाईनं घराबाहेर जाऊ नये असं भावकी म्हणते, त्यांचं मी बघतो.

उद्या तिसरा दिवस धरून सावडायचं हाय. ते मी उजाडता उरकतो, नवाला दारात तयार असतो. छबूबरोबर मी बी येतो. रडून रडून तिचा चेहरा सुजलाय, गाल बी सुजलाय. ती सूज रडण्याची हाय, हे डॉक्टरास्नी आधीच सांगून ठेवा.

आपला,
जयसिंग